समुद्र पश्चिमेलाच असतो

२० सप्टेंबर १९९७, शनिवार

वुडलँड्स, सिंगापूर. मुलाचा, दिलीपचा फ्लॅट.

नवी वही. सुनेने, उत्कर्षाने दिली. म्हणाली, बाबा, लिहीत जा, वेळ जाईल. माझा वेळ आपोआप जातो, ढकलावा लागत नाही. पण वही फुकट कशाला घालवा.

बाहेर धूर. शेजारच्या देशात जंगलं पेटलीत, धूर इथे. आठवडा झाला, सूर्य धड दिसला नाही. उत्कर्षा तोंडाला मास्क लावून भाजी आणायला जाते. केवढा बाऊ! मी जन्म घालवला जहाजाच्या इंजिनात तेल घालण्यात. तो धूर. ही उदबत्ती.

खाली एक म्हातारा चिनी रोज पिंजऱ्यात पक्षी घेऊन बसतो. त्याला पण धुराचं काही नाही. माणूस बरा वाटतो.

जेवताना दिलीपने विषय काढला. बाबा, हर्णैचं घर आता बंद करू. इथून परस्पर नाशिकला जा, संजीवनीकडे. कायमचे.

संजीवनी माझी मुलगी. चांगली आहे, पण विचारते फार. जेवलात का, गोळी घेतली का, पोट साफ झालं का.

कारण काय, तर मे महिन्यातली ती दापोलीची गोष्ट. दापोलीहून हर्णैला येताना खेडच्या एसटीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. चूक कंडक्टरची. बोलायला नको त्याने?

म्हणे, आई होती तोवर ठीक होतं, आता एकटे नको. एकटा कसा? समोर समुद्र आहे.

नाशिकला समुद्र नाही. दिलीप म्हणतो, गोदावरी आहे. गोदावरीत बांगडा मिळतो का?

२१ सप्टेंबर, रविवार

ठरवलं, रागवायचं नाही. युक्तीने घ्यायचं.

चहाच्या वेळी रागावलो. म्हटलं, अरे, मोंबासा मी एकट्याने पालथं घातलंय. आफ्रिका ती! भाषा नाही, नकाशा नाही. बाजार, किल्ला, गल्ल्या, सगळं बघून संध्याकाळी बरोबर जहाजावर. तो माणूस दापोलीत हरवेल?

दिलीप म्हणाला, बाबा, त्रेसष्ट सालची गोष्ट ती. म्हटलं, साल बदललं, डोकं तेच आहे. तो म्हणाला, तीच तर काळजी आहे.

ऋता, म्हणजे नात, टीव्हीवरून मान न वळवता इथल्या इंग्रजीत म्हणाली, आजोबा, सिंगापूर एव्हरीव्हेअर गॉट साइनबोर्ड, कॅनॉट गेट लॉस्ट वन लाऽ. बघा, पोरीला कळतं.

मग पैज लागली. मी एकट्याने मरीन परेडला बाबाजीकडे जायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी. जमलं, तर दिलीप हर्णैचा विषय परत काढणार नाही. नाही जमलं, तर नाशिक, आणि मी तोंड उघडायचं नाही.

म्हटलं, मंजूर. उत्कर्षाने नवऱ्याकडे डोळे वटारले. मी बघितले.

बाबाजी आमच्याच हर्णैचा. आता मुलाकडे मरीन परेडला असतो, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्ही एकाच जहाजावर होतो. तो वर सुकाणूवर, मी खाली इंजिनात. पण दिशा दोघांनाही सारखीच कळते. जहाज एकच ना.

२२ सप्टेंबर, सोमवार

दिलीपने रस्ता समजावला. एमआरटीने, म्हणजे इथल्या लोकलने शहरात, तिथे गाडी बदलायची, मग बस. तीनदा सांगितलं. मला पहिल्यांदाच कळलं होतं. त्याला सांगायची हौस, म्हणून ऐकलं.

मी विचारलं, बाबाजीची बिल्डिंग कशी ओळखायची? म्हणाला, समुद्रासमोर आहे, उंच, बारावा मजला, कोपऱ्यातलं दार. मग झालं की! समुद्र आला म्हणजे विषय संपला. समुद्र पश्चिमेला. डोंगर पूर्वेला. समुद्राकडे तोंड केलं की उजव्या हाताला उत्तर. आमच्याकडे शेंबडं पोर सांगेल.

दिलीप म्हणाला, बाबा, हे बेट आहे, इथे चारी बाजूंना समुद्र. म्हटलं, असेल चारी बाजूंना. पण मुख्य एक असतोच.

तो कपाळावर हात मारून उठला. हरला की उठतो. लहानपणापासून.

२३ सप्टेंबर, मंगळवार

बाबाजीचा फोन. म्हणाला, सख्या, स्टेशनवर घ्यायला येतो. म्हटलं, खबरदार. घरी बस, चहा टाकून ठेव. तो हसला. म्हणाला, मोंबासाची आठवण झाली रे. म्हटलं, कशाला ती आता, फोनचं बिल मुलाला येतं.

बाबाजी होता म्हणा मोंबासात. पण तो त्याच्या वाटेने, मी माझ्या.

२४ सप्टेंबर, बुधवार

उत्कर्षाने पिशवी भरून ठेवली. पाणी, छत्री, मास्क, बिस्किटं, फोनला नाणी, माझा चष्मा. आणि एक चिठ्ठी, इंग्रजीत, नाव-पत्ता-फोनसकट. शाळेत पहिल्या दिवशी पोराच्या गळ्यात अडकवतात तशी.

वर म्हणाली, बाबा, पितृपक्ष आहे, पुढच्या आठवड्यात जा ना. म्हटलं, पोरी, पितर व्हायला मला थोडंच राहिलंय. आपल्याच लोकांना काय घाबरायचं?

हसली नाही.

बाबाजीसाठी हर्णैची सुकट नेणार. उत्कर्षाने ती तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गाठी मारून बाल्कनीत टाकली होती. वास येतो म्हणे. वास येतो म्हणून तर सुकट.

निश्चय: पिशवी न्यायची नाही. मोंबासात कुठे होती पिशवी? अख्खा दिवस मोकळ्या हाताने फिरलो. अर्धा म्हणा. अर्धा दिवस पण दिवसच.

२५ सप्टेंबर, गुरुवार. सकाळ

निघालो. ती पिशवी दाराआड ठेवली. जवळ फक्त सुकट, वही, एमआरटीचं कार्ड आणि दिलीपने खिशात कोंबलेली एक नोट. वही सुकटीच्या पिशवीत.

गाडीत

दोन बाजूंना दोन गाड्या लागतात. रिकामी होती ती घेतली. जागा सोडून शहाणा माणूस गर्दीत शिरत नाही.

लोक फार चांगले. मी बसलो तसे शेजारचे दोघे उठले. पुढच्या स्टेशनवर समोरचेही उठले. अर्धा डबा मला मोकळा करून दिला. वयाचा मान! आपल्याकडे हे राहिलं नाही.

थोड्या वेळाने

शेवटचं स्टेशन आलं वाटतं. सगळे उतरले. दिलीप बदलायचं काहीतरी म्हणाला होता. मी बसून राहिलो. गाडी परत सुरू झाली. म्हणजे माझंच बरोबर. बदलायची गरजच नव्हती, उगाच घोळ घालतो.

गार वारा छान येतोय.

दुपार

डोळा लागला होता. उठलो तेव्हा बरेच लोक उतरत होते, मीही उतरलो. जिथे लोक उतरतात तेच मुख्य स्टेशन. पाटी वाचता आली नाही, चष्मा पिशवीत. पाटी दिसते, फक्त अक्षरं कुठली ते कळत नाही.

फाटकावर माझ्या कार्डाला यंत्र कुरकुरलं. तिथल्या बाईने काहीतरी विचारलं, मी मान हलवली, तिने सोडलं. स्टेशन ओळखीचं वाटलं. सिंगापूर मला पाठ व्हायला लागलंय.

बाहेर धूर. इमारती सगळ्या जुळ्या भावंडांसारख्या. एक तर हुबेहूब दिलीपची बिल्डिंग. खाली तसाच एक चिनी म्हातारा पिंजरा घेऊन बसलेला! गंमत वाटली. दर बिल्डिंगीला एकेक म्हातारा सरकारने दिला असेल. याने मला हात केला. मीही केला. मरीन परेडचे लोक मोकळे आहेत.

फळवालीला हाताने लाटा करून दाखवल्या. तिने बोट दाखवलं. चाललो. पुष्कळ चाललो.

समुद्र!

पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणजे खुला समुद्र. लाटा कमी वाटतात. परदेशात तोही शिस्तीत असणार.

दिलीप, बघ. हर्णै राहिलं.

नंतर

उंच बिल्डिंग. बारावा मजला. कोपऱ्यातलं दार. बेल मारली. एका चिनी आजीने दार उघडलं. म्हटलं, बाबाजी? ती म्हणाली, नो, नो. मी आत डोकावून बघितलं. बाबाजी नाही. तिने पेलाभर कोमट पाणी आणून दिलं आणि मी पिईपर्यंत नाक धरून उभी राहिली. सर्दी असेल.

दुसरी बिल्डिंग. नाही.

तिसरीत लिफ्ट बाराव्याला थांबतच नव्हती. एक मजला चढलो. दार उघडलं नाही. आत कुत्रा.

बाबाजीने जागा बदलली असणार. मला न सांगता. स्वभावच तसा.

पाय. घसा सुकला. डोळे चुरचुरतात. पाणी पिशवीत होतं. पिशवीचं नाव काढायचं नाही.

दोन मांजरं कधीपासून मागे आहेत.

दुपार कलली

विचार केला. बाबाजी भेटो न भेटो, दिवेलागणीच्या आत घर महत्त्वाचं. सांगू, गेलो होतो, तो नव्हता. खोटं नाही त्यात काही.

वुडलँड्स उत्तरेला, दिलीपने सांगितलं होतं. समुद्राकडे तोंड म्हणजे पश्चिम. उजवा हात उत्तर. उजवीकडे निघालो. सूर्य असता तर पडताळून बघितलं असतं. नाही तर नाही. समुद्र आहे ना.

मोठा रस्ता लागला. लॉऱ्याच लॉऱ्या. पिशव्या घेतलेले शेकडो लोक एकाच बाजूला चाललेले. स्टेशनच असणार. रांगेत उभा राहिलो. या शहरात रांग दिसली की लागायचं. पुढे चांगलंच असतं काहीतरी.

तिथेच, बाकावर

लिहायचं नव्हतं. पण माणसं बघताहेत, काहीतरी करायला पाहिजे.

रांगेच्या टोकाला काचेत वर्दीवाला. मलाय असावा. म्हणाला, अंकल, पासपोर्ट. मी कार्ड दिलं. त्याने उलटं केलं, सुलटं केलं, शेजारच्याला दाखवलं. म्हणाला, अंकल, धिस एमआरटी कार्ड. दॅट साइड मलेशिया.

म्हटलं, मलेशिया नको. वुडलँड्स.

म्हणाला, धिस इज वुडलँड्स, अंकल.

मी परत म्हटलं, वुडलँड्स. जरा मोठ्याने. तो परत तेच.

मग त्याने मला इथे बसवलं. पिशवी उघडून बघितली. वास घेऊन मान डोलावली, म्हणाला, व्हेरी गुड फॉर सांबाल. सांबाल म्हणजे त्यांची मिरचीची चटणी. माझ्या सुकटीला दिवसभरात एवढा एकच माणूस चांगलं बोलला. आणि तो मला अडवायला बसलेला.

सकाळपासून वुडलँड्समध्येच आहे मी. गाडी शहराला न जाता भलत्या टोकाला गेली आणि मला घेऊन परत आली. ती बिल्डिंग दिलीपचीच. तो म्हातारा तोच. त्याने ओळखून हात केला होता.

समुद्र उत्तरेला. पलीकडे मलेशिया. धुरात तो काठ दिसला नाही. उत्तरेला समुद्र! कोणी ठेवला तिथे?

सकाळपासून उपाशी आहे.

मलाय पोरगा परत आला. वाकून हळू विचारलं, अंकल, व्हेअर यू स्टे? घर इथून जवळ. एक शब्द बोललो असतो तर त्याने दारापर्यंत सोडलं असतं. उत्कर्षाने भात वाढला असता. आणि नाशिक.

म्हटलं, मरीन परेड.

टॅक्सीत

त्यानेच बोलावून दिली. अजून उजेड आहे. पोचतो, बाबाजीला भेटतो, तसाच परत फिरतो. जमेल. जमलंच पाहिजे.

ड्रायव्हरने एसी चालू असताना चारी काचा खाली केल्या. धूर आत येतोय. वेडा आहे.

संध्याकाळ

मरीन परेड. खरं. ड्रायव्हरकडून दोनदा वदवून घेतलं. दिलीपची नोट संपली.

समोर समुद्र. हा कुठल्या दिशेला, कोणास ठाऊक. विचारलं नाही. वाळूत बसलो. मांजरं नाहीत, तेवढं बरं.

एवढ्या उंच बिल्डिंगी. सगळ्यांना बारावा मजला. कुठल्या बाराव्या मजल्यावर जाऊ? पाय उचलत नाहीत.

दिवे लागले.

रात्री घरी

थोडक्यात लिहितो.

वाळूत बसून हाक मारली, बाबाज्याऽऽ. बंदरात मारायचो तशी. लोक वळून बघायला लागले. परत मारली. चौथ्या की पाचव्या हाकेला मागून आवाज आला, ओरडू नको, पोलीस नेतील. बाबाजी. हातात काठी, धापा टाकतोय. म्हणाला, उत्कर्षाने दुपारी फोन केला, तेव्हापासून किनाऱ्यावर फेऱ्या मारतोय. सख्या कुठे गेला तरी शेवटी पाण्यापाशीच येणार, हे मला माहीत. आणि मग वास आला. म्हटलं, हर्णै आलं.

शेजारी बसला. मग पिशवीत हात घालून कोरडी सुकट चिमूटभर खाल्ली. मीही खाल्ली.

दिलीप आला. शिपयार्डातून तसाच, सेफ्टी बूट पायात. म्हटलं, पोचलो की नाही? म्हणाला, पोचलात, बाबा. ओरडला नाही. ओरडायला पाहिजे होतं.

रस्ता ओलांडताना त्याने माझा हात धरला. सोडवून घेतला नाही. रस्ता फार गाड्यांचा होता.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

उत्कर्षाला काल सकाळीच दाराआडची पिशवी सापडली. ती पाठीला लावून अख्खं वुडलँड्स फिरली. पक्षीवाल्या म्हाताऱ्याने सांगितलं, तुझे सासरे दुपारी इथून गेले, मला हात करून. म्हातारा चहाडखोर निघाला.

तिच्या टाचांना फोड आलेत. धड चपला घालायला नकोत? पट्टी आणून दिली. कुठे ठेवलीय ते तिलाच विचारावं लागलं.

ऋताने विचारलं, आजोबा, यू वेन्ट मलेशिया आऽ? म्हटलं, नाही, पोरी. म्हणाली, सो निअर ऑल्सो नेव्हर रीच. मग जवळ येऊन बसली. टीव्ही बंद होता, तरी बसली.

संध्याकाळी बाबाजी सहकुटुंब आला. सुकटीची चटणी, भाकरी. जेवता जेवता ऋताने त्याला मोंबासाचं विचारलं. पोरीला काय गरज होती?

बाबाजी म्हणाला, तुझा आजोबा बंदराच्या फाटकापासून माझ्या शर्टाचं टोक धरून होता. एकदाच सोडलं, केळी घ्यायला. तासाभराने सापडला, दुसऱ्याच जहाजाच्या शिडीवर चढून भांडत होता, मला आत घ्या म्हणून.

सगळे हसले. दिलीपही. मग दिलीप हसायचा थांबला आणि ताटाकडे बघत राहिला.

बाबाजीची आठवण आता कच्ची झालीय. केळी नव्हती. नारळ होते.

२८ सप्टेंबर, रविवार

दिलीपने तिकीट आणलं. मुंबईला जावई घ्यायला येणार, तिथून नाशिक. हर्णैच्या घराची किल्ली मी आपणहून काढून दिली. मागितली नव्हती. पण बोललो होतो, तोंड उघडणार नाही. उघडलं नाही.

किल्ली हातात घेऊन तो म्हणाला, बाबा, मे महिन्यात आपण सगळे जाऊ हर्णैला. म्हटलं, छप्पर आधी बघून घे. रस्त्याकडची कौलं गळतात. समुद्राकडची ठीक आहेत.

संजीवनीचा फोन. जेवलात का? म्हटलं, हो. गोळी? हो. तिसरं विचारायच्या आत फोन ऋताला दिला.

निश्चय: नाशिकला जास्तीत जास्त महिना. मग एक दिवस सकाळची एसटी पकडून गुपचूप हर्णै. पाटी नीट वाचून बसायचं.

नाशिकला समुद्र नाही, ते एका अर्थी बरंच. निदान दिशा चुकणार नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार. विमानात

खिडकीची जागा. पक्षीवाल्या म्हाताऱ्याने निघताना हात केला. या वेळी तोच आहे हे मला माहीत होतं.

विमानतळावर उत्कर्षा पाया पडली. उठताना माझ्या खिशात चिठ्ठी ठेवली आणि वरून सेफ्टीपिन लावली. नाशिकचा पत्ता, संजीवनीचा फोन, मराठीत आणि इंग्रजीत. कसला हा बाऊ! चारचौघांत पोरासारखं.

मुंबईला उतरलो की पहिली ती फेकणार.

शेजारचा माणूस उठून मागे गेलाय. सुकट तर संपली. वहीचा वास असेल.

खाली समुद्र दिसतो. पलीकडच्या खिडकीतून बघून आलो. तिकडेही आहे.

परत येताना जागा सापडेना. विमानातल्या पोरीने हात धरून आणून बसवलं.

आत्ता खिसा चाचपला. पिन घट्ट आहे.